सवलतींची साखळी : डॉ. लुडविग गुटमान यांची जर्मनीतून हकालपट्टी

१/ दिनांक १० नोव्हेंबर १९३८. जर्मनीच्या पूर्वेकडील ब्रेस्लाऊ शहरातील ज्यू रुग्णालय. आदल्या रात्रीपासून देशभर ज्यूंची प्रार्थनागृहे पेटवली जात होती, दुकाने फोडली जात होती, पुरुषांना घराघरांतून उचलून नेले जात होते. सकाळी गेस्टापोची माणसे रुग्णालयात आली आणि त्यांनी विचारले, एका रात्रीत इतके पुरुष एकदम आजारी कसे पडले? रुग्णालयाचे प्रमुख होते ३९ वर्षांचे डॉ. लुडविग गुटमान. त्या रात्री दाखल झालेल्यांची संख्या होती ६४.

२/ गुटमान यांचे नाव पुढे पॅरालिम्पिक स्पर्धांचे जनक म्हणून जगाला ठाऊक झाले. आजचा धागा मात्र त्या कीर्तीविषयी नाही. एका निष्णात डॉक्टरला त्याच्या स्वतःच्या देशाने सहा वर्षांत, टप्प्याटप्प्याने, शिक्क्यानिशी आणि राजपत्रात छापून कसे बाहेर काढले, याचा हा वृत्तान्त आहे. यातील प्रत्येक टप्पा कायदेशीर होता, आणि बहुतेक टप्प्यांवर कोणाला तरी एखादी सवलत ठेवलेली होती. ती सवलत हेच या इतिहासाचे मर्म आहे.

३/ प्रथम माणसाची ओळख. गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी वरच्या सायलेशियातील टोस्ट या गावी झाला. बालपण गेले क्योनिग्सह्युटे या कोळसा खाणींच्या नगरात. १९१७ मध्ये तेथील अपघात रुग्णालयात ते स्वयंसेवक म्हणून काम करू लागले. पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तेथे आणला गेला. त्याची टिपणे लिहू लागलेल्या या तरुणाला सांगण्यात आले, लिहिण्यात अर्थ नाही. हा माणूस काही आठवड्यांचाच सोबती आहे. पाच आठवड्यांनी जंतुसंसर्गाने तो दगावला. ही घटना गुटमान आयुष्यभर विसरले नाहीत.

४/ पुढे ब्रेस्लाऊ व फ्रायबुर्ग येथे वैद्यकीय शिक्षण आणि १९२४ मध्ये पदवी. त्यानंतर ब्रेस्लाऊमध्येच ऑटफ्रिड फ्योर्स्टर यांच्या हाताखाली उमेदवारी. फ्योर्स्टर हे मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेतील त्या काळचे जगन्मान्य नाव. लेनिनच्या अखेरच्या आजारात उपचारासाठी ज्यांना मॉस्कोला पाचारण करण्यात आले, तेच हे. मध्यंतरी हँबुर्गमध्ये अनुभव घेऊन गुटमान १९२९ मध्ये परतले आणि फ्योर्स्टर यांचे पहिले साहाय्यक झाले. तिशीतल्या न्यूरोसर्जनला याहून मोठी जागा त्या काळच्या जर्मनीत क्वचितच होती.

५/ ब्रेस्लाऊविषयीही दोन शब्द. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. १९३३ मध्ये तेथे सुमारे २० हजार ज्यू राहत होते आणि जर्मनीतील मोठ्या ज्यू वस्त्यांत या शहराची गणना होई. एडविन ओप्लर या वास्तुकाराने उभारलेले तेथील नवे प्रार्थनागृह देशातील सर्वांत भव्य प्रार्थनागृहांपैकी एक होते. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी असा हा समाज स्वतःला जर्मन समजत होता, आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नव्हते.

६/ ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर, वकिलांच्या कचेऱ्यांवर आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांवर बहिष्कार पुकारण्यात आला. तपकिरी गणवेशातील स्वयंसेवक दारांत उभे राहिले. रुग्णाने आत जायचेच ठरवले तर त्याला या पहाऱ्यासमोरून जावे लागे. बहिष्कार एका दिवसाचा होता. पण त्या दिवशी रुग्णाला एक गोष्ट कळली : आपण कोणत्या डॉक्टरकडे जातो, याची आता नोंद होऊ शकते.

७/ सहाच दिवसांनी, ७ एप्रिल १९३३ रोजी, पहिला कायदा आला. त्याचे नाव साळसूद होते : व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनःस्थापनेचा कायदा. त्यान्वये ज्यू वंशाच्या कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून दूर करण्यात आले. विद्यापीठे आणि सार्वजनिक रुग्णालये यांच्या कक्षेत आली. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहाने त्यात सवलती ठेवल्या गेल्या : जे पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढले, ज्यांचे वडील वा मुलगा त्या युद्धात कामी आला, किंवा जे १ ऑगस्ट १९१४ पूर्वीपासून सेवेत होते, त्यांना तूर्त अभय.

८/ या सवलतींनी काय साधले? ज्यांना अभय मिळाले ते थांबले. आपल्यावरचे संकट टळले, असे त्यांना वाटले. ज्यांना मिळाले नाही ते एकटे पडले. एकाच रुग्णालयातील दोन ज्यू सहकारी एका कलमाने वेगवेगळ्या नशिबाचे धनी झाले. पुढे १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनंतर सरकारी सेवेतील या सवलती गुंडाळल्या गेल्या. पण तोवर पहिल्या धक्क्याची धार बोथट झाली होती. गुटमान यांच्याजवळ आघाडीवरील सेवेचा दाखला नव्हता. त्यांची जागा १९३३ मध्येच गेली.

९/ दुसरा घाव २२ एप्रिल १९३३ चा. जर्मनीत कामगार व सामान्य नोकरदार यांचे उपचार आजारपणाच्या विमा निधीतून होत. या निधीच्या यादीत नाव असणे म्हणजे डॉक्टरला नियमित रुग्ण मिळणे. त्या यादीतून ज्यू डॉक्टर वगळले गेले, पुन्हा त्याच सवलतींसह. उरले ते खिशातून पैसे देणारे रुग्ण आणि स्वतःचा खासगी दवाखाना. १९३६ मध्ये तेथेही हात घातला गेला. सरकारी नोकर ज्यू डॉक्टरकडे गेला, तर त्याच्या बिलाची भरपाई शासन देणार नाही, असा आदेश निघाला. दवाखान्याला टाळे न ठोकताही तो ओस पाडता येतो.

१०/ येथे एक अवघड प्रश्न विचारायला हवा. रिकाम्या झालेल्या खुर्च्या कोणी भरल्या? १९३३ मध्ये जर्मनीत सुमारे ५२ हजार डॉक्टर होते आणि त्यांत ८ ते ९ हजार ज्यू होते. मंदीच्या काळात तरुण डॉक्टरांना नोकऱ्या नव्हत्या. सहकाऱ्याची हकालपट्टी ही अनेकांची बढती ठरली. नाझी पक्षाचे सभासद होण्याचे प्रमाण ज्या व्यवसायांत सर्वाधिक होते, त्यांत वैद्यकीय व्यवसाय येतो : सुमारे ४५ टक्के डॉक्टर पक्षात दाखल झाले. ज्यांनी कधी दगड उचलला नाही, अशा माणसांनाही या कायद्यांचा लाभ झाला.

११/ नोकरी गेल्यावर गुटमान ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले. हे रुग्णालय ज्यू समाजाच्या मालकीचे होते, त्यामुळे नागरी सेवेचा कायदा तेथे लागू नव्हता. परदेशी जाण्याचा मार्ग तेव्हा खुला होता, पण अनेकांप्रमाणे त्यांनाही वाटले की ही राजवट फार काळ टिकणार नाही. आज आपल्याला हा भाबडेपणा वाटतो. पण आपल्याला पुढचे ठाऊक आहे, त्यांना नव्हते. विद्यापीठांतून काढलेले नामांकित डॉक्टर अशा सामाजिक रुग्णालयांत आले आणि भोवती सारे आकसत असताना ही रुग्णालये उत्तम वैद्यकाची बेटे बनली. १९३७ मध्ये गुटमान तेथील वैद्यकीय संचालक झाले.

१२/ आता १९३८ चा उन्हाळा. ६ ते १५ जुलै या काळात फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी जमले. सहानुभूतीची भाषणे पुष्कळ झाली, दारे मात्र जवळजवळ कोणीच उघडली नाहीत. परिषद संपून दहा दिवस होतात न होतात तोच, २५ जुलैला, जर्मनीत फर्मान निघाले : ३० सप्टेंबर १९३८ रोजी सर्व ज्यू डॉक्टरांचे परवाने संपुष्टात येतील. या वेळी आघाडीवर लढलेल्यांनाही माफी नव्हती. पाच वर्षे जी सवलत ढाल वाटत होती, ती एका ओळीत नाहीशी झाली.

१३/ त्या वेळी जर्मनीत ३,१५२ ज्यू डॉक्टर उरले होते. त्यांपैकी अवघ्या ७०९ जणांना, तेही केव्हाही रद्द करता येईल अशा बोलीवर, फक्त ज्यूंवर उपचार करण्याची मुभा मिळाली. स्वतःला डॉक्टर म्हणवण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. त्यांच्यासाठी एक नवाच शब्द घडवण्यात आला : क्रांकेनबेहांडलर, म्हणजे ‘रुग्णांवर इलाज करणारा’. आयुष्यभर शस्त्रक्रिया केलेल्या माणसाच्या पाटीवरून त्याचा हुद्दाही पुसला गेला. ऑक्टोबरमध्ये ज्यूंची पारपत्रे रद्द ठरवून त्यांवर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का सक्तीचा झाला.

१४/ आणि मग ९ नोव्हेंबरची रात्र. ब्रेस्लाऊचे ते भव्य प्रार्थनागृह जळून गेले. देशभरात सुमारे ३० हजार ज्यू पुरुष पकडून डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेन या छळछावण्यांत धाडले गेले. त्या रात्री गुटमान यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना एकच सूचना दिली : दाराशी येईल त्या प्रत्येकाला दाखल करून घ्या, काही विचारू नका. सकाळपर्यंत ६४ जण खाटांवर होते. त्यांतले कित्येक केवळ आसऱ्याला आलेले होते.

१५/ गेस्टापोचे अधिकारी आले, तेव्हा गुटमान त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येकाचा आजार सांगू लागले. कोणाला पक्षाघात, कोणाला झटके, कोणाला आणखी काही. अधिकाऱ्यांच्या पाठीमागून ते रुग्णांना चेहऱ्याने खुणा करत, म्हणजे सांगितलेल्या आजाराला साजेसे भाव रुग्णाने आणावेत, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ६४ पैकी ६० जण वाचले. चौघांना नेण्यात आले. शासनाने ज्यांची पदवी काढून घेतली होती, त्यांच्या निदानापुढे त्या सकाळी शासनाच्याच माणसांना मान तुकवावी लागली. पण ते चौघेही हिशेबात धरायचे आहेत. हुशारी आणि धैर्य कमालीचे असले, तरी सर्वांना वाचवण्याइतके ते त्या दिवसांत पुरत नव्हते.

१६/ आता निघणे अटळ होते. पण निघायचे कसे? ज्याला हाकलायचे त्यालाच जाण्यासाठी असंख्य दाखले गोळा करावे लागत. १९३१ मध्ये मंदीच्या काळात लागू झालेला ‘राइख त्याग कर’ मूळचा भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून होता. नाझींनी १९३४ मध्ये त्याची मर्यादा दोन लाखांवरून ५० हजार मार्कांवर आणली, आणि त्याहून अधिक मालमत्ता असलेल्याला एक चतुर्थांश रक्कम शासनाला द्यावी लागे. उरलेला पैसा गोठवलेल्या खात्यात पडे व तो परकी चलनात बदलताना बहुतांश नाहीसा होई. सोबत रोख न्यायची मुभा होती १० मार्कांची. घर, दवाखाना, उपकरणे मिळेल त्या भावाने विकावी लागत. हकालपट्टी हाही शासनाच्या उत्पन्नाचा मार्ग होता.

१७/ गुटमान यांच्या सुटकेची वाट विलक्षण रीतीने उघडली. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांना पारपत्र देण्यात आले आणि लिस्बनला जाण्याचा आदेश मिळाला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्रावर उपचार करायचे होते. राजनैतिक मैत्रीसाठी या राजवटीला अचानक एका ज्यू न्यूरोसर्जनची गरज भासली. ज्यू डॉक्टरचे हात अपवित्र असतात, हा सिद्धांत रुग्ण पुरेसा बडा असेल तर बाजूला ठेवता येत होता. परतीच्या प्रवासात लंडनमध्ये दोन दिवस थांबण्याची मुभा मिळाली, आणि तेथे त्यांनी विज्ञान व विद्या संरक्षण संस्थेशी संपर्क साधला.

१८/ ही संस्था १९३३ मध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने, ज्यू प्राध्यापकांच्या हकालपट्टीच्या बातम्या वाचून, स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष होते भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफोर्ड. तिच्या साहाय्याने गुटमान यांना ब्रिटनचा प्रवेशपरवाना मिळाला. १४ मार्च १९३९ रोजी ते पत्नी एल्झे आणि दोन मुलांसह इंग्लंडच्या हार्विच बंदरात उतरले. दुसऱ्याच दिवशी हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. साडेपाच महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले आणि हा मार्ग बंद झाला.

१९/ ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले. ब्रेस्लाऊमध्ये संपूर्ण रुग्णालय चालवणारा हा डॉक्टर येथे स्वतःच्या रुग्णांवाचून, परक्या भाषेत, आश्रित म्हणून राहिला. अशी पाच वर्षे गेली. मग १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी २६ खाटांचा विभाग त्यांच्या हाती सोपवण्यात आला. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलवणे, अंथरुणाच्या जखमा व मूत्रमार्गाचा संसर्ग टाळणे, आणि काम व खेळ यांतून त्याला पुन्हा समाजात उभे करणे, ही त्यांची पद्धत. १९१७ मध्ये ज्याच्याविषयी टिपणे लिहू नकोस असे त्यांना सांगितले गेले होते, तसा रुग्ण आता जगू लागला.

२०/ २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या आवारात १६ जखमी सैनिकांनी चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजी केली. १९६० मध्ये रोमला २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. १९७२ मध्ये या स्पर्धा जर्मनीत, हायडेलबर्गला झाल्या. तेथे ५० मीटर जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. ज्या भूमीने गुटमान यांना घालवले, त्याच भूमीवर त्यांच्या कल्पनेचे फळ एका मराठी सैनिकाच्या गळ्यात पडले.

२१/ येथेच थांबलो, तर ही कथा गोड वाटेल. हकालपट्टी झाली म्हणून जगाला पॅरालिम्पिक मिळाले, असाही निष्कर्ष कोणी काढेल. तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे पाहण्यासाठी त्याच ब्रेस्लाऊमधील दुसऱ्या एका माणसाकडे वळू या. विली कोन हे इतिहासकार आणि शाळाशिक्षक. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढून त्यांनी आयर्न क्रॉस मिळवला होता. तरीही १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली. १९३७ मध्ये ते पॅलेस्टाइनला जाऊन आले आणि ब्रेस्लाऊला परतले. शहरातील ज्यूंचे जीवन कसे आवळले जात आहे, हे ते दैनंदिनीत जवळजवळ रोज लिहीत राहिले.

२२/ नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रेस्लाऊहून सुमारे एक हजार ज्यूंना घेऊन एक आगगाडी पूर्वेकडे निघाली. २९ नोव्हेंबर रोजी लिथुआनियातील कौनासच्या नवव्या किल्ल्यापाशी त्या सर्वांना गोळ्या घालण्यात आल्या. विली कोन, त्यांची पत्नी आणि दोन लहान मुली त्यांत होत्या. दैनंदिनी मागे उरली, कित्येक दशकांनी प्रसिद्ध झाली, आणि आज त्या शहराच्या इतिहासाचे ते एक मोलाचे साधन आहे. गुटमान आणि कोन यांच्यातील अंतर योग्यतेचे नव्हते. एकाला लिस्बनचा रुग्ण, लंडनची संस्था आणि वेळेवर आलेला प्रवेशपरवाना लाभला, दुसऱ्याला नाही.

२३/ वाचकहो, या कालखंडाचा अभ्यास करताना पेटलेल्या प्रार्थनागृहांची छायाचित्रे आपल्या डोळ्यांपुढे आधी येतात. त्यांच्या जोडीला राजपत्रातील तारखाही मांडून पाहा : ७ एप्रिल १९३३, २२ एप्रिल १९३३, २५ जुलै १९३८. आग एका रात्रीची होती, तिच्यासाठी माणसे एकाकी करण्याचे काम पाच वर्षे कागदावर चालले होते. म्हणून एखाद्या समाजाचे हक्क कमी करणारा जुना कायदा वाचायला घ्याल, तेव्हा त्यातील शिक्षेच्या कलमाबरोबर सवलतीचे कलमही नीट वाचा. ती कोणाला दिली, कोणापासून तोडण्यासाठी दिली, आणि ती किती दिवस टिकली, हे पाहिले की त्या कायद्याचा हेतू पुष्कळसा उघड होतो.